जनजागृतीचा व्हिडिओ मनाला भिडतो तो नेमका कशामुळे?

पानगळ

नमस्कार मंडळी,

प्रश्न विचारण्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगते. गेली चार वर्षं मी एका छोट्या गटात काम करते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घरी सांभाळणाऱ्यांसाठी आमचं काम आहे, आणि ते अगदी साधं आहे. आठवड्यातून दोन तास एक स्वयंसेवक त्या घरी जाऊन बसतो. तेवढ्यात सांभाळणाऱ्याला झोपता येतं, बाहेर पडता येतं, स्वतःचं दुखणं डॉक्टरला दाखवता येतं. स्वयंसेवक कायमच कमी पडतात, म्हणून दोन महिन्यांपूर्वी आम्ही साडेतीन मिनिटांचा एक व्हिडिओ केला.

सुरुवातीला काळ्या पडद्यावर आकडा येतो, की जगात साडेपाच कोटींहून जास्त लोकांना स्मृतिभ्रंश आहे. मग एका आजींचं घर दिसतं. आजी खिडकीपाशी बसल्या आहेत. मुलगी विचारते, "माझं नाव काय?" आजींना सांगता येत नाही. मुलगी तोंड फिरवून डोळे पुसते. मागे संथ व्हायोलिन. शेवटी आमच्या गटाचं नाव आणि "आम्हाला साथ द्या".

पहिल्यांदा दाखवला तेव्हा सभागृहात सगळ्यांचे डोळे ओले झाले. नेटवर टाकल्यावर "शब्द नाहीत", "काळजाला हात घातलात" अशा प्रतिक्रियांची रीघ लागली. लोकांनी भरभरून पुढे पाठवला. आणि दोन महिन्यांत नवे स्वयंसेवक आले दोन. त्यातली एक माझी मावसबहीण, तिला मी आधीच गळ घातली होती.

म्हणून विचारते. नुसता रडवणारा व्हिडिओ आणि खरोखर भिडणारा व्हिडिओ यांत फरक कशाने पडतो? एखादा व्हिडिओ पाहून तुम्ही जागेवरून उठलात आणि काही केलंत, असं कधी झालंय का? असेल तर त्यात काय होतं?

चौकस

एक शंका. "साथ द्या" म्हणजे काय करायचं? तुमचा धागा वाचला म्हणून मला कळलं की तुम्हाला माणसांचे दोन तास हवे आहेत. नुसता व्हिडिओ पाहिला असता तर वाटलं असतं की देणगी हवी आहे. दोन तास हा शब्द व्हिडिओत कुठेच नाही का?

पानगळ

नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. संहिता आम्ही सहाजणांनी वाचली होती.

रानवारा

चौकस यांना अनुमोदन. रडू आलं की माणसाला वाटतं आपण काहीतरी केलं. एकदा डोळे पुसले की हिशेब पुरा.

आकडेमोड

पानगळताई, तुमच्या पहिल्या फ्रेमबद्दल बोलतो, कारण मला तिथेच घोळ दिसतो.

२००७ साली डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक या तिघांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एक प्रश्नावली भरून दिल्याबद्दल लोकांना पाच डॉलर दिले आणि त्यातले हवे तितके उपासमारीवर काम करणाऱ्या संस्थेला देण्याची मुभा दिली. काहींना मालीमधल्या रोकिया नावाच्या ७ वर्षांच्या मुलीची माहिती आणि फोटो दिला. काहींना फक्त उपासमारीचे आकडे दिले. रोकियाची माहिती वाचणाऱ्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, आकडे वाचणाऱ्यांनी १.१४. इथपर्यंत नवल काही नाही. पण तिसऱ्या गटाला दोन्ही दिलं होतं, रोकियाही आणि आकडेही. त्यांची सरासरी १.४३. म्हणजे आकडे जोडल्याने रोकियाचं बळ वाढलं तर नाहीच, उलट ते गळून गेलं.

पुढे २०१४ मध्ये व्हेस्टफिएल, स्लोविक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एका मुलाच्या जागी दोन मुलं दाखवली तरी लोकांच्या भावना थोड्या पातळ होऊ लागतात. त्यासाठी लाख-कोटी लागतच नाहीत.

तुमच्या आजी पडद्यावर यायच्या आधीच तुम्ही त्यांना साडेपाच कोटींच्या गर्दीत उभं केलंत. मग प्रेक्षकाला वाटतं, एवढ्या मोठ्या समुद्रात माझ्या दोन तासांनी काय होणार?

हेमांगिनी

आकडेमोड, प्रतिसाद आवडला. पण एकाच चेहऱ्यावर सगळं टाकण्याचाही धोका आहे ना? प्रश्न एका घरापुरता वाटतो. रोकियाला मदत मिळाली की संपलं, दुष्काळ का पडतो हे कुणी विचारत नाही.

आकडेमोड

धोका आहे, नाकारत नाही. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी माणूस, मग तिच्यासारखे किती हे. आणि आकडा मोजता येईल इतका लहान ठेवावा. "आमच्या यादीत आज इतकी घरं वाट पाहत आहेत" हा आकडा माणसाच्या आवाक्यातला असतो.

दूरदेशी

मी जरा वेगळं मत मांडतो. इथे रडण्याला कमी लेखलं जातंय, ते मला पटत नाही.

२३ ऑक्टोबर १९८४ रोजी बीबीसीवर मायकेल बर्क यांचा इथिओपियातल्या कोरेम इथल्या दुष्काळाचा वृत्तांत दाखवला गेला. कॅमेरा मोहम्मद अमीन यांचा होता. पहाटेचा उजेड, थंडीत जमिनीवर पसरलेली हजारो माणसं. तिथे एक चेहरा नव्हता, गर्दीच होती. तरी त्या काही मिनिटांनी जग हललं. त्यातूनच १३ जुलै १९८५ ची लंडन आणि फिलाडेल्फियाची लाइव्ह एड ही मदतनिधीची मैफल उभी राहिली.

आणि अभ्यासाचंच बोलायचं तर २००९ मध्ये याच डेबोरा स्मॉल यांनी निकोल वेरोकी यांच्याबरोबर केलेलं काम पाहा. देणगीच्या जाहिरातीत उदास चेहरा असेल तर हसऱ्या किंवा कोऱ्या चेहऱ्यापेक्षा लोकांना जास्त सहानुभूती वाटते, कारण पाहणाऱ्याच्या मनातही तीच उदासी उतरते. दुःख लपवून ठेवलं तर दुःख आहे हे लोकांना कळणार कसं?

रात्रपाळी

दूरदेशी, तो १९८४ चा वृत्तांत मी संकलन शिकताना कितीतरी वेळा पाहिला आहे. त्यातला बर्क यांचा आवाज आठवा. एका शब्दावरही जोर नाही. तो माणूस शांतपणे सांगतो आणि चित्राला काम करू देतो. खाली व्हायोलिन असतं तर मला नाही वाटत तो आज कुणाला आठवला असता.

पंधरा वर्षं मी संकलनाच्या टेबलावर बसतो आणि त्यातला बराच काळ सामाजिक संस्थांच्या फिल्म कापण्यात गेला आहे. पानगळताई, तुमचा व्हिडिओ तुम्ही सांगितला तसा डोळ्यांपुढे आणून पाहिला. माझ्या मते तीन जागा चुकल्या आहेत, आणि तिन्ही टेबलावर दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

पहिली, संगीत आजींच्या आधी येतं. चेहरा दिसायच्या आत प्रेक्षकाला कळतं की आता वाईट वाटून घ्यायचं आहे. मग तो आजींना बघत नाही, आपलं वाईट वाटणं बघतो. त्या खोलीचा स्वतःचा आवाज असेलच की! पंख्याची घरघर, घड्याळ, खुर्ची करकरते ती. तो आवाज ठेवा. दहा सेकंद नुसता तो ऐकला तरी प्रेक्षक त्या खोलीत येऊन बसतो.

दुसरी, मुलगी तोंड फिरवते तिथे कट हवा. ती डोळे पुसते ते दाखवायचंच नाही. प्रेक्षकाच्या वाट्याचं रडू तुम्ही पडद्यावरच रडून घेतलंत, त्याच्यासाठी काही शिल्लक ठेवलं नाहीत.

तिसरी, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. साडेतीन मिनिटांत आजी काही करतच नाहीत. त्यांना प्रश्न विचारला जातो आणि त्या हरतात. नुसत्या सोसणाऱ्या माणसाची दया येते, पण ओळख होत नाही. ओळख होते ती माणूस काहीतरी करताना दिसला की. मग ते कितीही लहान असो.

म्हणून विचारतो, वापरलं नाही असं फुटेज तुमच्याकडे आहे का? त्यात आजी काय करताना दिसतात?

मौनराग

रात्रपाळी यांच्या आवाजाच्या चर्चेत माझी एक भर. मला जन्मापासून ऐकू येत नाही. तुमचं व्हायोलिन माझ्यापर्यंत पोहोचलंच नसतं, आणि सबटायटल नसतील तर "माझं नाव काय?" हा प्रश्नही नाही. मला दिसलं असतं ते इतकंच, की एक म्हातारी बाई गप्प बसली आहे आणि एक तरुण बाई रडते आहे. का, ते कळलं नसतं.

माझं सोडा. बसमध्ये, रांगेत, रात्री शेजारी कुणी झोपलेलं असताना कितीतरी लोक आवाज बंद करूनच बघतात. एक सोपी परीक्षा सांगते. आवाज पूर्ण बंद करून व्हिडिओ लावा आणि ज्याला विषय माहीत नाही अशा माणसाला विचारा, काय चाललंय? मला भिडलेले जवळजवळ सगळे व्हिडिओ हातांचे होते. चेहरा कॅमेऱ्यासमोर अवघडतो, हात अवघडत नाहीत.

मास्तर

मौनराग, अगदी नेमकं बोललात. हातांवरून आठवलं, २०१० साली इंग्लंडमधल्या ससेक्सच्या रस्ता सुरक्षा विभागाने सीटबेल्टसाठी एक दीड मिनिटाची फिल्म केली होती. त्यात गाडीच नाही. एक माणूस घरातल्या खुर्चीत बसून गाडी चालवण्याचा अभिनय करतोय, समोर बायको आणि छोटी मुलगी बघत आहेत. अपघाताचा क्षण येतो तेव्हा मुलगी धावत येऊन त्याच्या कमरेला मिठी मारते, बायको खांद्यावरून छातीपर्यंत हात टाकते. त्या चार हातांचाच पट्टा होतो. संवाद एकही नाही. रक्ताचा थेंब नाही.

तुम्ही विचारलंत ना, उठून काही केलं का? मी वर्गात मुलांना दाखवला आणि त्या दिवसापासून स्वतः मागच्या सीटवरही पट्टा लावतो. त्याआधी पुढेच लावत होतो. भीती घालणाऱ्या फिल्म मी नोकरीभर दाखवल्या. मुलं तेवढ्यापुरती गप्प बसायची आणि बाहेर पडताच तशीच सुसाट जायची.

रानवारा

आमच्या घरी टीव्हीवर पियानोचा पहिला सूर वाजला की आई म्हणते, "आता कुणीतरी आजारी दाखवणार," आणि चॅनेल बदलते. अजून एकदाही तिचा अंदाज चुकलेला नाही.

आकडेमोड

रानवारा, तुमच्या आईंच्या जोडीला एक गायिकाही आहे. अमेरिकेतल्या प्राण्यांसाठीच्या एएसपीसीए या संस्थेची २००७ ची जाहिरात खूप गाजली, पिंजऱ्यातले कुत्रे-मांजरं आणि सारा मॅक्लॉक्लन यांचं गाणं. देणग्याही भरपूर आल्या. पण ती लागली की आपल्यालाही बघवत नाही, असं खुद्द मॅक्लॉक्लन यांनी सांगितलं आहे. पैसे आले हे खरं आणि लोक तोंड फिरवायला शिकले हेही खरं.

हेमांगिनी

"काय करायचं" या चौकस यांच्या मुद्द्यावर परत येते. २००८ ची "बेल बजाओ" मोहीम आठवते का? ब्रेकथ्रू या संस्थेची, घरगुती हिंसाचाराविरुद्धची. शेजारच्या घरातून मारहाणीचे आवाज येतात, एक माणूस अस्वस्थ होतो, उठतो, जाऊन त्या दाराची बेल वाजवतो आणि काहीतरी किरकोळ निमित्त सांगतो. बस. मार खाणारी बाई पडद्यावर जवळजवळ येतच नाही. कॅमेरा सगळा वेळ ऐकणाऱ्यावर असतो, म्हणजे माझ्यावर. मीही असे आवाज ऐकले आहेत आणि दार लावून घेतलं आहे. एकदा नाही, बऱ्याचदा.

तो व्हिडिओ पाहिल्यानंतर काही महिन्यांनी वरच्या मजल्यावरून तसा आवाज आला. पाय लटपटत होते, तरी गेले आणि बेल वाजवली. दार उघडणाऱ्याला विचारलं, तुमच्याकडे पाणी येतंय का. आवाज थांबला. त्या रात्रीपुरता थांबला, त्यापुढचं मला माहीत नाही. पण हे करता येतं हे मला त्या फिल्मनेच दाखवलं होतं. संपूर्ण कृती, पहिल्या पावलापासून बोटापर्यंत.

पानगळ, तुमच्या व्हिडिओत तो दोन तास येऊन बसणारा माणूस कुठे आहे? मी स्वतःला कुणाच्या जागी बघू? आजींच्या जागी बघायला भीती वाटते, मुलीच्या जागी बघितलं की थकायला होतं. माझी जागा तर त्या तिसऱ्या खुर्चीत आहे.

पानगळ

हेमांगिनी, तिसरी खुर्ची. हे मी वहीत लिहून ठेवलं. आणि त्या रात्री तुम्ही वर गेलात, त्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

रात्रपाळी, कालच्या रात्री सगळं फुटेज पुन्हा पाहिलं. तुम्ही विचारलंत ते त्यात आहे, आणि आम्ही ते टाकून दिलं होतं.

आजी पूर्वी शिवणकाम करायच्या. शूटच्या दिवशी आमचा कॅमेरा लावणारा मुलगा त्यांच्यासमोर वाकला, तेव्हा त्यांनी एकदम त्याची बाही धरली. मनगटाजवळचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. "हे पडेल," म्हणाल्या. मुलीला सुई-दोरा आणायला लावला. दोरा ओवताना दोनदा हुकला, मग टोक ओठांत धरून ओलं केलं आणि तिसऱ्यांदा ओवलं. बटण लावताना खालून दोऱ्याचे वेढे दिले, म्हणजे बटण उंच राहतं आणि काजात नीट बसतं. ते सगळं हात आपसूक करत होते. तोपर्यंत तो मुलगा अर्धा वाकून उभा, हलायची सोय नाही. शेवटी त्यांनी बटण ओढून बघितलं आणि त्याच्या हातावर दोन थापट्या मारल्या. कॅमेरा ट्रायपॉडवर चालूच होता. चार मिनिटं आहेत.

आम्ही ते वापरलं नाही, कारण "यात त्या आजारी वाटतच नाहीत". तसं मीच म्हटलं होतं.

रात्रपाळी

ताई, तुमचा व्हिडिओ तोच आहे.

सिस्टर_४२

मी वृद्धांच्या वॉर्डात परिचारिका आहे. अल्झायमरमध्ये नुकत्याच घडलेल्या गोष्टी आणि नावं आधी जातात, पण वर्षानुवर्षं हातांनी केलेली कामं बराच काळ टिकतात. त्याला प्रक्रियात्मक स्मृती म्हणतात. आमच्याकडे एक सुतार होते. मुलाला ओळखत नसत, पण टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवून ती कुठे खडबडीत आहे ते बरोबर दाखवायचे.

"आजारी वाटतच नाहीत" हीच तर या आजाराची खरी माहिती आहे. लोक भेटायला यायला घाबरतात, कारण आत एक रिकामं माणूस बसलंय असं त्यांना वाटतं. जनजागृती करायची ती याचीच.

ओलीवाट

सगळं वाचत होते, लिहावं की नाही ठरत नव्हतं. लिहिते.

मी लहानपणी एका वसतिगृहात होते. दहा वर्षांची असताना तिथे शूटिंग झालं. मला नुकतेच नवे बूट मिळाले होते आणि कॅमेऱ्यात दिसणार म्हणून मी ते रात्रीच पुसून ठेवले होते. त्या लोकांनी बूट काढायला सांगितले. मला वाटलं सतरंजीवर बसायचं असेल. पण बाकीच्यांनी चपला घातलेल्या होत्या. मग म्हणाले, हसू नकोस, खिडकीकडे बघ, आईची आठवण काढ. मी काढली. ते शॉट बरेच दिवस वापरले गेले.

कॉलेजमध्ये एका मुलीने मला ओळखलं. "तू ती खिडकीतली ना?" तिला खूप प्रेमाने म्हणायचं होतं. त्यानंतर ती माझ्याशी बोलताना आवाज खाली आणून बोलायची, आणि आमची मैत्री काही झाली नाही.

त्या संस्थेने मला शिकवलं, त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. त्या पैशांतून मुलांची शिक्षणं झाली असतील. पण बूट घातलेली, हसणारी मुलगी दाखवली असती तर लोकांनी पैसे दिले नसते, हे मी कधीच मान्य करणार नाही. कुणी करून पाहिलं नाही, एवढंच.

दूरदेशी

ओलीवाट, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. माझं वरचं मत मी पूर्ण मागे घेत नाही, पण त्यात एक भर घालतो. दुःख जसं आहे तसं दाखवणं वेगळं आणि बूट काढायला लावणं वेगळं. मी या दोन्हींची एकत्र वकिली केल्यासारखं झालं.

तिसरी_घंटा

ओलीवाट यांच्या मुद्द्याला जोडून. ज्यांची गोष्ट त्यांनाच ती दाखवायची, ही परीक्षा मला सगळ्यांत कठीण आणि सगळ्यांत खरी वाटते. ५ मार्च २०१२ ला आलेली कोनी २०१२ ही, बंडखोर म्होरक्या जोसेफ कोनी याच्या अत्याचारांवरची अर्ध्या तासाची फिल्म सहा दिवसांत दहा कोटी वेळा पाहिली गेली. तिच्यातली घटना उत्तर युगांडातली. तिथल्या लिरा गावात मोकळ्या मैदानावर ती दाखवली, तेव्हा ज्यांनी ते सगळं भोगलं होतं ते लोक संतापले, दगडफेक झाली. त्यांचं म्हणणं, यात आम्ही कुठे आहोत? फिल्म बनवणाऱ्याचा छोटा मुलगाच जास्त दिसतोय.

त्याच वर्षी नॉर्वेच्या एसएआयएच या विद्यार्थी संघटनेने उलटा खेळ केला. आफ्रिकेतले लोक थंडीने काकडणाऱ्या नॉर्वेच्या माणसांसाठी खोली गरम करणारे रेडिएटर गोळा करत आहेत असा व्हिडिओ. पाहताना हसू येतं आणि दुसऱ्या क्षणाला आपण आजवर काय काय खरं मानून पाहिलं ते आठवतं.

चौकस

मग एक अवघड प्रश्न. आजींची परवानगी कोण देणार? मुलगी देईल. पण आजींना विचारलं तर आज हो म्हणतील आणि संध्याकाळी विसरतील.

सिस्टर_४२

चौकस, आम्ही वॉर्डात दोन गोष्टी करतो. दर वेळी नव्याने विचारतो, आधीच्या होकारावर विसंबत नाही. आणि शब्दांपेक्षा अंगाकडे बघतो. मान फिरवली, हात आखडला, की थांबायचं. घरच्यांना विचारताना "तुम्हाला चालेल का" असं न विचारता "त्या पूर्वीसारख्या असत्या तर त्यांना चाललं असतं का" असं विचारायचं. पुष्कळदा उत्तर बदलतं.

आकडेमोड

जाता जाता अजून एक, कारण भावना ओसरण्याबद्दल कुणी बोललेलं नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये तुर्कीच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या सीरियन बालकाचा फोटो जगभर गेला. स्लोविक आणि सहकाऱ्यांनी स्वीडनच्या रेड क्रॉसच्या नोंदी तपासल्या. त्यानंतरच्या आठवड्यात निर्वासितांच्या निधीला रोज येणाऱ्या देणग्या आधीच्या शंभरपटीवर गेल्या, आणि साधारण सहा आठवड्यांत ओसरल्या. पण दरमहा देणगीची नोंदणी करणारे त्या महिन्यात दसपट झाले होते आणि त्यातले बहुतेक पुढेही देत राहिले. लाट असताना ज्यांच्यापुढे नियमित काहीतरी ठेवलं गेलं, ते टिकले. पानगळताईंचं काम तर मुळातच दर आठवड्याचं आहे. व्हिडिओ संपताना वार आणि वेळ निवडायची सोय द्या.

पानगळ

तीन आठवड्यांनी परत आले. सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

नव्याने संकलन केलं, आता एक मिनिट चाळीस सेकंदांचा आहे. आकडा गेला, व्हायोलिन गेलं. सुरुवात बाही धरण्यापासून. बटण लावण्याचा तुकडा मोठा ठेवलाय, त्यात दोनदा दोरा हुकतो तेही आहे. मधे एकदाच आजी मुलीकडे वळून विचारतात, "ह्या कोण?" आणि उत्तर यायच्या आत पुन्हा बटणाकडे वळतात. तिथे मुलीचा चेहरा घेतलेला नाही. मग शेजारच्या खोलीत मुलगी पाय पोटाशी घेऊन गाढ झोपलेली दिसते, आणि बाहेर आजींसमोरच्या खुर्चीत आमची एक स्वयंसेविका बसली आहे. शब्द इतकेच: "दर आठवड्याला दोन तास. येऊन बसाल?" खाली वार निवडायची सोय.

आवाज बंद करून मावसबहिणीच्या यजमानांना दाखवला. त्यांनी सांगितलं, "आजी बटण लावतायत म्हणून त्या बाईला झोप मिळाली." मौनराग, यावर मी समाधानी आहे. सबटायटलही घातली आहेत.

ओलीवाट, तुमच्यामुळे मी तो सगळ्यांत आधी आजींच्या घरी घेऊन गेले. मुलीने पाहिला आणि एक शॉट काढायला सांगितला, त्यात आजींचे केस विंचरलेले नव्हते. "आई विंचरल्याशिवाय गिऱ्हाईकासमोर यायची नाही," म्हणाली. काढला. आजींनाही दाखवला, दोनदा. दोन्ही वेळा त्या पडद्यावरच्या हातांकडे बघून म्हणाल्या, "हिचा हात चांगला आहे."

ओलीवाट

केसांचा शॉट काढलात हे वाचून फार बरं वाटलं.

हेमांगिनी

कोणते वार रिकामे आहेत? मला शनिवार दुपार जमेल.

पानगळ

हेमांगिनी, शनिवार दुपार आहे. निरोप पाठवते. या आठवड्यात अकराजणांनी वार निवडले आहेत, त्यातले किती टिकतात ते बघायचं.

रात्रपाळी

ताई, एक सांगा. शेवटी दोरा कशाने तोडला? कात्री दिसली नाही तुमच्या वर्णनात.

पानगळ

दातांनी. मुलगी "आई, कात्री देते" म्हणेपर्यंत तोडून मोकळ्या. तो टक्कन आवाज माईकवर आला आहे, तो ठेवलाय.